नोट कशाची, हेही विचारूया



बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका आपण बघतो. नोटेचं काय? २०१६ मध्ये इंग्लंडात पाच पौंडांची प्लॅस्टिकची नवी नोट आली आणि तिच्यात जनावरांच्या चरबीचा अंश निघाला. शाकाहारी लोकांनी विरोध केला. पण नोटा छापून झालेल्या. २०१७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने चरबी तशीच ठेवली. अंश थोडा असेल, पण तीच नोट मंदिराच्या भंडारात पडते ना!

आपली नोट कापसाच्या कागदाची. जळगाव-धुळ्याच्या शेतात पिकतो तोच कापूस. प्लॅस्टिकच्या नोटांचा विचार आपल्या देशातही झालेला आहे. पुन्हा झाला, तर छपाईच्या आधीच आपल्या संघांनी रिझर्व्ह बँकेला लिहून विचारावं: यात चरबी नाही ना? छापल्यावर विचारून उपयोग नाही.