गर्दी कोणत्या चुकीवर ओरडते?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल हा केवळ विद्यार्थ्यांचा खेळ राहिलेला नाही. मिशिगन किंवा टेक्सास विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एकेका सामन्याला १ लाखाच्या आसपास माणसे जमतात. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. त्यात चेंडू हातात घेऊन पळतात, फेकतात. १० यार्ड पुढे सरकण्यासाठी संघाला ४ संधी मिळतात. प्रत्येक संधीला 'डाउन' म्हणतात. तेवढ्यात जमले नाही, तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. नियम सोपा आहे, पण सामना अटीतटीचा झाला की पंचाच्या एका इशाऱ्यावर सगळा निकाल लटकतो, आणि तिथूनच खरी गोष्ट सुरू होते.

१९ ऑक्टोबर २०२४ रोजी ऑस्टिन शहरात टेक्सास आणि जॉर्जिया हे दोन संघ समोरासमोर होते. टेक्सासच्या खेळाडूने जॉर्जियाचा पास मधेच पकडला. पण पंचांनी त्याच्यावर नियमभंगाचा ठपका ठेवला आणि चेंडू जॉर्जियाकडेच राहिला. घरचे प्रेक्षक खवळले. मैदानात बाटल्या येऊन पडू लागल्या, खेळ थांबला. मैदान साफ होत असताना पंचांनी आपापसांत चर्चा केली आणि निर्णय फिरवला. चेंडू टेक्सासला मिळाला आणि लगेच त्यांनी टचडाउनही केला. शेवटी जॉर्जियाने सामना ३०–१५ असा जिंकला. टेक्सास विद्यापीठाला अडीच लाख डॉलरचा दंड झाला.

मूळ निर्णय चुकीचा होता, असे अनेक जाणकारांचे मत पडले. मग प्रेक्षकांचे काय चुकले, असे कोणी विचारेल. चुकले ते असे, की निर्णय कशामुळे बदलला याचे उत्तर आता कोणालाच खात्रीने देता येणार नाही. पंचांना चूक उमगली म्हणून, की बाटल्या पडल्या म्हणून? योग्य निर्णयसुद्धा दबावाखाली दिला गेला असे दिसले, की त्याची इभ्रत जाते. उद्या दुसऱ्या मैदानातला प्रेक्षक एवढेच लक्षात ठेवील की बाटली फेकली की वेळ मिळतो, आणि वेळ मिळाला की निर्णय फिरू शकतो. पाहुण्या संघाचे मूठभर समर्थक कोपऱ्यात बसलेले असतात. त्यांच्यावर अन्याय झाला तर त्यांनी कोणाच्या जिवावर ओरडायचे? गर्दीच्या जोरावर मिळणारा इन्साफ फक्त गर्दीवाल्यांनाच मिळतो.

पंचांची बाजूही पाहिली पाहिजे. कॉलेज फुटबॉलचे बहुतेक पंच इतर नोकरी-व्यवसाय सांभाळून हे काम करतात. क्षणार्धात घडलेल्या झटापटीवर त्यांना तिथल्या तिथे निवाडा द्यावा लागतो. व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याची सोय गेल्या वीस वर्षांत आली खरी, पण प्रत्येक निर्णय तिच्या कक्षेत येत नाही.

आणि व्हिडिओ दाखवला म्हणून सगळ्यांना एकच गोष्ट दिसते, असे कुठे आहे? नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांचा सामना फार धसमुसळा झाला. प्रिन्स्टनच्या नामांकित खेळाडूचे नाक फुटले, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. नंतर हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे सरासरी ४.३ नियमभंग दिसले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथचेच ९.८ दिसले. म्हणजे ओरडणारा माणूस खोटे बोलत असतोच असे नाही. त्याला खरोखरच तसे दिसत असते, आणि म्हणूनच तो अधिक धोकादायक ठरतो.

मग गर्दीच्या प्रामाणिकपणाची कसोटी कोणती? मला एकच सुचते. चूक आपल्या फायद्याची असेल तेव्हा आपण काय करतो?

या कसोटीला उतरलेले आणि न उतरलेले असे दोन सामने इतिहासात आहेत. दोन्हींत चूक एकच, पंचांनी संधी मोजण्यात घोळ केला आणि एका संघाला चारऐवजी पाच संधी मिळाल्या. ६ ऑक्टोबर १९९० रोजी कोलोरॅडोने मिसुरीला त्यांच्याच मैदानावर या पाचव्या संधीवर ३३–३१ असे हरवले. पंचांना निलंबित केले गेले, पण निकाल कायम राहिला. कोलोरॅडोचे प्रशिक्षक बिल मॅकार्टनी यांनी विजय सोडला नाही, उलट मैदान निसरडे होते अशी तक्रार केली. खेद व्यक्त केला तो पुढे बऱ्याच वर्षांनी. त्या हंगामात कोलोरॅडो असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत देशात पहिला आला.

त्याआधी ५० वर्षे, १६ नोव्हेंबर १९४० रोजी, कॉर्नेल विद्यापीठाने डार्टमथला अगदी शेवटच्या सेकंदांत अशाच पाचव्या संधीवर ७–३ असे हरवले होते. कॉर्नेल त्या वेळी सलग १८ सामने अपराजित होता. सामन्याची फिल्म तपासल्यावर चूक स्पष्ट झाली, पंचाने ती कबूल केली. सामना संपल्यामुळे निकाल बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे उरला नव्हता. कॉर्नेलला कोणी भाग पाडू शकत नव्हते. तरीही त्यांनी डार्टमथला तार करून विजय सोडून दिला. आज नोंदीत त्या सामन्याचा निकाल डार्टमथ ३, कॉर्नेल ० असा आहे.

कोलोरॅडोकडे करंडक गेला, पण तो हंगाम निघाला की पाचव्या संधीची आठवणही निघतेच. कॉर्नेलने एक सामना गमावला आणि त्या हरण्याचे नाव आजही आदराने घेतले जाते.

पंच माणूस आहे, तो चुकणारच. चांगले प्रशिक्षण, जास्त कॅमेरे, निर्णयामागचे कारण जाहीरपणे सांगण्याची पद्धत, हे सगळे हवेच. पण कॉर्नेलने जे केले ते कोणत्याही नियमाने घडवून आणता येत नाही. ते विद्यापीठांनी आपल्या पोरांना शिकवायचे असते. आपल्यावरच्या अन्यायाविरुद्ध लाखभर माणसे एकदम उभी राहतात. आपल्याला झालेल्या गैरफायद्याविरुद्ध त्यातला एक जरी उभा राहिला, तरी त्या मैदानात न्यायाला जागा आहे असे म्हणता येईल.