बगॅसच्या ढिगाचा ताप कोण पाहणार?

दसऱ्याच्या सुमारास कारखान्या-कारखान्यांवर बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. होमहवन, सपत्नीक पूजा, पुढाऱ्यांची भाषणे, सगळे यथासांग पार पडते. पण बॉयलरच्या आत पेटवायच्या अग्नीची एवढी काळजी घेणाऱ्या मंडळींना, बाहेर बगॅसच्या ढिगात आपोआप धुमसणाऱ्या अग्नीचे काय, असे विचारले तर 'टँकर उभा असतो की' एवढेच उत्तर मिळते. टँकर आग लागल्यावर कामाचा. ढीग पेटणार याची चाहूल बहुतेक वेळा काही दिवस आधी लागते, आणि ती घेण्याचा खर्च जळणाऱ्या मालाच्या मानाने चिल्लर आहे.

हा ढीग कोणाचा, हे आधी सभासदांनी समजून घ्यावे. शंभर टन ऊस गाळला की २८ ते ३० टन बगॅस निघते. दिवसाला पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात रोज चौदाशे टनांच्या आसपास. त्यातले बरेचसे कारखान्याच्याच बॉयलरला लागते, उरते ते सहवीज प्रकल्पासाठी गाळप संपल्यावरही पुरावे म्हणून रचून ठेवतात. रंगराजन समितीने २०१२ साली उसाच्या दराचे जे सूत्र सांगितले, त्यात साखरेबरोबर बगॅस, मळी आणि प्रेसमड यांचेही उत्पन्न धरून ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाचा मानला आहे. म्हणजे ढीग पेटला की धूर कारखान्याचा दिसतो, पण जळतो तो आपल्या उसाचा पैसा.

आता तो पेटतो कसा? कोणी विडी टाकली, वेल्डिंगची ठिणगी उडाली, असे पंचनाम्यात लिहून मोकळे होता येते, आणि काही वेळा ते खरेही असते. पण ओल्या मालाला बाहेरून काडी लागतेच असे नाही. पावसात भिजलेली सोयाबीनची सुडी दोन दिवसांनी उसकटली तर आतून वाफा येतात आणि हाताला चटका बसतो, हे कुठल्या शेतकऱ्याला सांगायला नको. बगॅसचे तेच. मिलमधून बाहेर पडते तेव्हा त्यात निम्मे पाणी असते आणि थोडी साखरही राहिलेली असते. त्या साखरेवर जिवाणू पोसतात, माल आंबतो आणि ढिगाचे पोट ६०-७० अंशांपर्यंत तापते. तिथे जिवाणू मरतात, पण तोवर हवेतल्या प्राणवायूशी मालाची रासायनिक क्रिया सुरू झालेली असते आणि ती स्वतःच उष्णता निर्माण करते. ढीग जितका मोठा तितकी उष्णता बाहेर पडायला वाट कमी. सुक्या मालावर ओला माल रचला तर आणखी वाईट, कारण ओलावा सुक्या थरात शिरताना उष्णता सोडतो.

म्हणून ताप मोजायचा तो पोटातला. हल्ली कारखान्यांना थर्मल कॅमेरा दाखवणारे विक्रेते फिरतात. कॅमेरा चांगलाच आहे, पण त्याला दिसतो फक्त पृष्ठभाग. आठ-दहा फूट आतला निखारा त्याला दिसत नाही, वरून वाफेची वाट फुटली तरच जागा कळते. ढिगासाठी लांब पोकळ लोखंडी नळी आणि तिच्या टोकाला तापमान दाखवणारी तार, एवढे पुरते. तेही नसेल तर लोखंडी सळई दहा-पंधरा मिनिटे खुपसून ठेवावी. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर समजून घ्यावे. वाळल्या गवताच्या गंजीसाठी अमेरिकेतील कृषी विस्तार सेवा जे आकडे देतात ते इथेही उपयोगी आहेत. ५० अंशांपर्यंत धोका कमी, ६५ च्या पुढे रोज मोजायचे, ७० नंतर दर चार तासांनी, आणि ८० च्या घरात गेले की अग्निशमन दलाला बोलावल्याशिवाय ढिगाला हात लावायचा नाही. कारण त्या वेळी ढीग उकरला की हवा आत शिरते आणि भडका उडतो. असा ढीग वर चढून पाहणाऱ्याचाही जीव जातो. आत जळून पोकळी झालेली असते आणि माणूस खाली खचतो.

कॅमेऱ्याचे खरे काम यंत्रांवर. पट्ट्याचे बेअरिंग कोरडे पडले की आधी तापते, मग ओरडते, मग जाम होते. त्याच्यावर भुशाचा थर बसलेला असेल तर बघायलाच नको. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार दगावले. ठिणगी बहुधा बंदिस्त पट्ट्याच्या तापलेल्या बेअरिंगची होती. इंग्लंडातील टिलबरी वीजकेंद्रात २०१२ साली लाकडी गोळ्यांच्या साठ्याला आग लागली. जपानच्या ताकेतोयो केंद्रात ३१ जानेवारी २०२४ रोजी असाच जैवइंधन वापरणारा संच पेटला. तेव्हा परदेशी यंत्रे आणली म्हणजे काळजी मिटली, असे कोणी समजू नये.

बेअरिंग किती अंशांवर आहे यापेक्षा शेजारच्या तशाच बेअरिंगपेक्षा, किंवा गेल्या आठवड्यापेक्षा, किती जास्त तापले आहे हे पाहावे. पॅनेलमध्ये तीन फेजपैकी एकच जोड गरम दिसला तर तो सैल आहे. आपल्या डीपीवरचा सैल जंपर रात्री लाल दिसतो, तसेच हे, फक्त कॅमेऱ्याला लाल होण्याच्या कितीतरी आधी कळते. ही तपासणी पट्टा आणि पॅनेल भारावर चालू असतानाच करायची. ऑफ सीझनला थंड यंत्राचे फोटो काढून फाइल भरण्यात अर्थ नाही. चकचकीत धातूवर कॅमेरा तापमान कमी दाखवतो, तिथे काळ्या रंगाचा ठिपका द्यावा. आणि २०२० साली ग्रामपंचायतीने घेतलेली कपाळाला लावायची ती बंदूक यासाठी बाहेर काढू नये. ती माणसाच्या तापापुरतीच मोजते.

साखर कारखान्यांकडे निदान फिटर, इंजिनिअर, पाण्याची लाइन असते. आम्हाला जास्त काळजी वाटते ती गावोगाव निघालेल्या पांढऱ्या कोळशाच्या कारखान्यांची. केंद्र सरकारच्या २०२१ च्या धोरणाने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात जैवइंधन मिसळणे भाग पाडले, तेव्हापासून सोयाबीनचे भुसकट, तुराट्या, पऱ्हाट्या यांना गिऱ्हाईक आले. ही चांगलीच गोष्ट आहे, बांधावर पेटवण्यापेक्षा दोन पैसे मिळतात. पण पत्र्याच्या शेडमध्ये धूळ, गरम कांडी आणि उघडी वायरिंग एकत्र नांदतात. प्रेसमधून निघालेली कांडी गार न होऊ देता पोत्यात भरली की रात्रीतून पोते काळे पडते. बंद गोदामात साठा धुमसला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि दार उघडून आत गेलेला माणूस परत येत नाही. ग्रामपंचायतीने ना हरकत देताना घरपट्टीइतकेच या गोष्टींकडेही लक्ष द्यावे. माल किती उंच रचणार, दोन ढिगांत गाडी फिरेल एवढी जागा आहे का, ताप कोण मोजणार, हे ग्रामसेवकाने लिहून घ्यावे.

बॉयलरची तपासणी कायद्याने होते, ढिगाची कोणी करत नाही. कारखान्याने यार्डात तापमानाचे रजिस्टर ठेवावे. ढिगाचा नंबर, रचल्याची तारीख, रोजचा आकडा, मोजणाऱ्याची सही, एवढे चार रकाने. आधी रचलेला ढीग आधी जाळावा. वार्षिक सभेत दराचा प्रश्न विचारणाऱ्या सभासदाने हे रजिस्टरही मागावे. आणि एक गोष्ट गाळप सुरू होण्याआधीच संचालक मंडळाने पाहावी. ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्या पुष्कळ ठिकाणी बगॅस यार्डाला लागूनच पडतात. दिवसा मोठी माणसे फडात असतात आणि कोपीत असतात ती लहान पोरे. त्यांना जागा यार्डापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला द्यावी.