टर्बो, एफडी आणि खालापूरचे मिस्त्री

पंचविशीतल्या ऑफिसकरांना दोन आजार हमखास होतात. एक मानेचा, दुसरा टर्बोचा. पहिल्यावर फिजिओ आहे. दुसऱ्यावर मी आहे, निदान माझ्या टीममधला ज्युनियर तरी असं समजतो.

झालं असं, की जाहिराती चाळताना याला कर्जतच्या एका फार्महाउसवर उभी असलेली टर्बो पेट्रोल सेडान दिसली. लाल रंग, झकास अलॉय, किंमत नव्या साध्या हॅचबॅकएवढी. पैसे कुठून आणणार? बदलापूरच्या वन बीएचकेच्या डाउन पेमेंटसाठी जमवलेली एफडी मोडून. "सर, फक्त बघून येऊ." फक्त बघून येऊ म्हणत लोक लग्नं ठरवून आलेत, पण असो.

त्याला तरी काय बोलणार? २००४ साली ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडे आली, १.८ लिटर टर्बो, १५० हॉर्सपॉवर, तेव्हा आम्हीही शोरूमच्या काचेला नाक लावून उभे होतो. मग २०१३ ची पोलो जीटी टीएसआय, २०१५ ची आपल्या रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो. तेव्हा न परवडलेलं आता सेकंड हँडमध्ये आपल्या पगारात बसतं. गोची तिथेच आहे. गाडीची किंमत उतरते, पार्ट्सची नाही.

माझं शिक्षण महागात झालंय. टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन पंखे. एक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरावर फिरतो, दुसरा हवा दाबून इंजिनात कोंबतो. दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तरंगतो तो इंजिन ऑइलच्या पातळ थरावर. मी काय करायचो, कळंबोली सोडली की पाय खाली, आणि खालापूरचा फूड मॉल आला की कचकन ब्रेक, चावी बंद, पळत वडापावच्या लायनीत. टर्बो अजून लालबुंद, ऑइल फिरायचं थांबलेलं. आत अडकलेलं ऑइल करपून त्याचा कोळसा होतो. गॅसवर कढई विसरल्यावर होतं ना, तेच. दीड वर्षं हा उद्योग केला. मग एका रविवारी बोरघाटात मागे निळ्या धुराचा पडदा, आणि गाडी टोचन लावून खालापूर फाट्याजवळच्या एका मिस्त्रींकडे. "साहेब, वडा दोन मिनिटं उशिरा खाल्ला असता तर चाललं असतं," एवढंच ते म्हणाले. बिल दोन पगारांचं झालं. (नव्या गाड्यांपैकी काहींत इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवणारा पंप असतो. दहा वर्षं जुन्या गाडीतला तो पंप चालतोय का, हे मात्र कुणी बघत नाही.)

तर त्याच मिस्त्रींना घेऊन आम्ही कर्जतला. आम्ही दोघं लोकलने, कारण येताना गाडीतूनच यायचं, हा याचा कॉन्फिडन्स. मिस्त्री स्कूटरवर. मालक एकदम अगत्यशील. "या, या. तुमच्यासाठी गाडी गरम करूनच ठेवलीय."

मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं. "चहा घेऊ सावकाश. थंड होऊ दे."

अडीच तास आंब्याखाली बसलो. पोरगं चुळबुळतंय. पण खरं बोलतं ते थंड इंजिन. चावी फिरवली आणि पहिले दोन सेकंद कडकड आवाज, मग गप्प. टायमिंग चेनचा टेन्शनर ढिला. चेनने दगा दिला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. मग मिस्त्रींनी ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवलं. करपलेल्या पातेल्याच्या तळासारखा काळा चिकट थर. हा चिखल खाली ऑइलची जाळी बुजवतो, आणि ऑइल कमी पडलं की आधी टर्बो जातो.

"ऑइल कधी बदललंत?"

"वेळेवर."

सर्व्हिस बुकातला शेवटचा शिक्का २२ हजार किलोमीटरपूर्वीचा होता. आपल्या ट्रॅफिकमध्ये मिस्त्री टर्बोला सात-आठ हजारांवर ऑइल बदलायला लावतात, पुस्तकात काहीही लिहिलेलं असो. वर हवेच्या पाइपची एकच क्लॅम्प नवी कोरी. म्हणजे कुणीतरी आत हात घातलाय. रीमॅप केलाय का विचारलं, तर मालक आंब्याकडे बघायला लागले.

तरी पोराला चालवायचीच होती. पळसदरी, खोपोली, मग जुन्या घाटाने वर. मला मान्य करावं लागेल, तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्या पुढे गाडीने जी ओढ घेतली, पाठ सीटला चिकटली. तो हसत सुटला. मीही. फक्त मागच्या सीटवर मिस्त्री कान देऊन बसलेले. ओढीबरोबर एक बारीक, सायरनसारखी शीळ येत होती. दांड्याच्या बेअरिंगची.

शिंग्रोबाच्या देवळाशी थांबलो. पोराने देवापुढे नाणं टाकलं. मिस्त्रींनी इंजिन पाच मिनिटं आयडलला ठेवलं आणि मग ॲक्सिलरेटर दाबला. मागे निळा धूर. मला तो रविवार आठवला.

टर्बो, चेन, ऑइलची सगळी सफाई. मिस्त्रींनी आकडा सांगितला, गाडीच्या किमतीच्या निम्मा. खाली आल्यावर मालक जागेवर पन्नास हजार कमी करायला तयार. पोराने माझ्याकडे पाहिलं. मी मिस्त्रींकडे. मिस्त्रींनी स्कूटरला किक मारली.

कर्जत स्टेशनवर वडा खाल्ला, या वेळी निवांत. पलीकडच्या लायनीवर घाट चढायला निघालेल्या मालगाडीला मागून बँकर इंजिनं लागत होती. पोरगं वडा हातात धरून तो आवाज ऐकत राहिलं.

एफडी शाबूत आहे. काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. निळी गाडी, सिंगल ओनर, पनवेल. "सर, मालकाला सांगितलंय, सकाळी चालू करू नका."