चारा विकत घ्या म्हणणाऱ्यांनो, आधी ई-क्लासचा हिशोब द्या!

वाशिम जिल्ह्यात पशुपालनाच्या शिबिरांत भूमिहीनांना एक सल्ला हमखास मिळतो : चराई सोडा, जनावरं गोठ्यात बांधा, चारा विकत घ्या. सल्ला देणाऱ्याच्या नावावर बहुतेक वेळा सातबारा असतो. ऐकणाऱ्याच्या नावावर काय असतं? दोन बकऱ्या, एखादी गाय आणि रोजमजुरी.

साधा हिशोब करा. तीनशे किलोच्या गावरान गाईला दिवसाला सात-आठ किलो कोरडा चारा लागतो. म्हणजे वर्षाला अडीच टनांच्या वर. ढेप वेगळीच. रिसोडपासून कारंज्यापर्यंत ज्वारी गेली, सोयाबीन आलं. ज्वारीबरोबर कडबाही गेला. उरलं कुटार, आणि ते ज्याचं शेत त्याचं. मग भूमिहीन माणूस कुटार कोणाकडे मागणार? ज्याच्या वावरात तो मजुरीला जातो, त्याच्याकडेच. कुटारासाठी ज्याच्या दारात उभं राहायचं, त्याच्या विरोधात ग्रामसभेत हात कसा वर करायचा? चारा विकत घेण्याचा प्रश्न नुसता पैशाचा नाही, तो गुलामीचा आहे.

आता काही जण म्हणतील, चराई तर फुकट आहे. तीही फुकट नाही! बकऱ्यांमागे जाणाऱ्याची मजुरी बुडते. आणि मजुरी बुडू नये म्हणून घरातल्या पोरीची शाळा बुडवली जात असेल, तर 'शिका' सांगणाऱ्या बाबासाहेबांचं नाव घेण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही.

मग खरा प्रश्न कोणता? गावाची ई-क्लास जमीन कोणी खाल्ली, हा!

जमीन महसूल संहितेच्या कलम २२ नुसार गावच्या गुरांच्या चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. धुरा सरकवत सरकवत ती गिळणारे धनदांडगे कोणाला दिसत नाहीत. भूमिहीनानं पोटासाठी दोन एकर कसली की मात्र 'गुरांच्या तोंडचा घास हिरावला' म्हणून ओरड होते. जगपालसिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, हे अधिकारी तोंडपाठ सांगतात. त्याच निकालात सरकारी अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे, हे कोण सांगतं?

मित्रांनो, गायरान कसणारा भूमिहीन आणि गायरानावर बकऱ्या चारणारा भूमिहीन यांना एकमेकांविरुद्ध उभं करण्याचा डाव ओळखा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले, ते पडीक जमीन भूमिहीनाला मिळावी म्हणून. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती राज्याच्या मालकीची करून सामुदायिक पद्धतीनं कसायला सांगितली. पाणी, बियाणं, खत यांच्याबरोबर कामाची जनावरं पुरवण्याची जबाबदारीही राज्यावर टाकली. जनावराचा भार एकट्या गरिबानं वाहावा, हा विचार त्यांचा नव्हे. आज उलट झालंय. २०१५ पासून म्हातारा बैलही कत्तलीसाठी विकता येत नाही. कायदा सरकारचा, चारा मात्र गरिबाच्या खिशातून!

म्हणून गावोगावच्या कार्यकर्त्यांनी कामाला लागावं. तलाठ्याकडून गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, माहिती अधिकारात मागा. गावनकाशा घेऊन ई-क्लासची मोजणी मागा. मोठ्यांची अतिक्रमणं आधी काढा, कसणाऱ्या भूमिहीनांच्या नावे जमीन करा, उरलेल्या जमिनीवर रोजगार हमीतून गवत लावा आणि त्यावर पहिला हक्क भूमिहीनांच्या जनावरांचा ठेवा. पगारी गुराखी ग्रामपंचायतीनं नेमावा, म्हणजे पोरगी शाळेत जाईल.

एवढं झाल्यावर चारा विकत घ्यायचा की जनावर चारायचं, हे आमचं आम्ही ठरवू. तोपर्यंत सल्ले तुमच्याकडेच ठेवा.

जय भीम!