पाला गोठवावा की वाळवावा?

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या काळी (१७९८–१८३२) धन्वंतरी महालात औषधोपचारांचा पद्धतशीर अभ्यास होत असे. त्याच नगरात आज अन्नतंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था असून २०२१ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा लाभला आहे. तरीही तेथील उष्ण हवेत परसातील कोथिंबीर व पुदिना लवकर कोमेजून वाया जातात. ही हानी टाळता येण्याजोगी आहे.

कोथिंबिरीचा सुगंध उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो. वाळविल्याने तो बहुतांशी नाहीसा होतो, गोठविल्याने बराच टिकतो. मात्र पाला सावकाश गोठला, तर त्यातील पाण्याचे मोठे स्फटिक बनून पेशींच्या भित्तिका फाटतात व वितळल्यावर पान लिबलिबीत होते. म्हणून पाला धुऊन, निथळून, बारीक चिरावा. लहान साच्यांत थोड्या पाण्यासह त्वरित गोठवून उणे १८ अंश सेल्सिअसला हवाबंद ठेवावा. थंडीने सर्व जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते. यास्तव वितळलेला पाला पुन्हा गोठवू नये.

असा पाला सजावटीस निरुपयोगी, परंतु आमटीस उत्तम होय. जेथे वीज वारंवार खंडित होते, तेथे मात्र कढीलिंब सावलीत वाळविणेच शहाणपणाचे. नवे ते सर्व श्रेष्ठ आणि जुने ते त्याज्य, हे मत शास्त्रीय नव्हे. कारण जाणून उपाय निवडणे, हेच शास्त्र. आणि ते घरच्या भाषेत, मग ती तमिळ असो वा तंजावरी मराठी, चुलीपर्यंत पोहोचले पाहिजे.