‘जेवना का?’च्या पुढचा प्रश्न

ही पोस्ट आधी मुलाला वाचून दाखवली. तो ‘टाका’ म्हणाला, म्हणून टाकतोय.

गेल्या श्रावणात रात्री पावणेदोनला त्याच्या रूममेटचा फोन आला. ‘काका, घाबरू नका’ असं कुणी म्हटलं की माणूस आधी घाबरतोच. मुलगा दोन वर्षांपासून पुण्यात एमपीएससी करतोय. अभ्यासिकेतून रूमवर आला आणि छातीत धडधड सुरू झाली, हातपाय गार, श्वास पुरेना. त्याला वाटलं अटॅक आला. पोरांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नको,’ असं सांगून परत पाठवलं.

मी फोनवर काय म्हणालो? ‘सोड सगळं, उद्याच्या उद्या साक्रीला ये.’ तो फक्त ‘बरं’ म्हणाला. पुढे बऱ्याच दिवसांनी बोलला, ‘पप्पा, तुम्ही घरी ये म्हणालात ना, तेव्हा वाटलं तुम्हीपण माझ्यावरची आशा सोडली.’

असा त्रास त्याला सहा महिन्यांपासून होत होता. आणि त्या सहा महिन्यांत आमचा रोज फोन होता, एक दिवस खाडा नाही! आता आठवून बघतो तर त्याची आई विचारायची, ‘जेवना का?’ मी विचारायचो, ‘अभ्यास कसा चाललाय? जाहिरात कधी निघतेय?’ तो म्हणायचा, ‘चाललंय.’ दोन मिनिटांत फोन बंद, आणि आम्ही निवांत झोपायचो. खरं म्हणजे तो फोन आमचीच काळजी मिटवायला होता. पोरगं आम्हाला सांभाळत होतं.

आपल्या तालुक्यात निजामपूर, पिंपळनेर, दहिवेल, कासारे, कुठेही जा, गल्लीत एक तरी पोरगं किंवा पोरगी पुण्यात सदाशिव पेठ-नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून अभ्यास करतेय. पोराला ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणणं सोपं आहे. पण 5 एप्रिल 2020 ला ठरलेली राज्यसेवा पूर्व परीक्षा सरकत सरकत 21 मार्च 2021 ला झाली. 2024 मध्ये 25 ऑगस्टची पूर्व परीक्षा पोरं रस्त्यावर बसल्यावर पुढे गेली आणि 1 डिसेंबरला झाली. ज्याला परीक्षेची तारीखच पक्की माहीत नाही, त्याने टेन्शन घेऊ नये तर काय करावं? हा सगळा त्याच्या मनाचा कमकुवतपणा नाही, एवढं तरी आई-बापांनी समजून घ्यायला पाहिजे.

दुसरी बाजू आपल्या गावाची. कुणी पीएसआय झालं की चौकात बॅनर, जेसीबीवरून गुलाल, डीजे. आनंद करावा, नाही कशाला? पण तेच फोटो रात्री पुण्यातल्या पोराच्या स्टेटसवर दिसतात, आणि सकाळी स्टँडवर त्याच्या बापाला कुणीतरी विचारतं, ‘पोऱ्यानं काय जयं भो?’ मी स्वतः पत्रकार. ते अभिनंदनाचे बॅनर जाहिरात म्हणून माझ्याच पेपरात छापून येतात, त्यावर माझं कमिशन निघतं. त्यामुळे इथे मी कुणाला शहाणपणा शिकवत नाही.

पुढे एका समुपदेशक बाईंकडे तो जायला लागला, मीही दोनदा गेलो. त्यांच्याकडून कळलं की हा पॅनिक अटॅक. तो बहुतेक दहाएक मिनिटांत वर चढतो आणि मग उतरतो. माणूस त्यात मरत नाही, पण त्या वेळी त्याला ते खरंच वाटतं. अशा वेळी फोनवर उपदेश नको. ‘मी लाइनवर आहे, हळू श्वास सोड, उतरेल हे’, एवढंच पुष्कळ. आणि भीती वाटली म्हणून दरवेळी घरी पळवून आणलं, त्याच्या वतीने आपणच क्लासवाल्याला, घरमालकाला फोन लावत बसलो, तर भीती कमी होत नाही, उलट मुरते.

मला सगळ्यात मोठा धक्का पैशाच्या गोष्टीचा. मी कायम म्हणायचो, ‘पैशाचं तू बघू नको, मी आहे ना.’ वाटायचं, धीर देतोय. अरे, त्याला माझी कमाई माहीत नाही का! तालुक्याच्या पत्रकाराला काय मिळतं, हे त्याने लहानपणापासून बघितलंय. अभ्यासिका, मेस, कॉट मिळून महिन्याला दहा-अकरा हजार कुठून येतात, सोसायटीचं कर्ज काढलं का, शेत गहाण टाकलं का, याचे हिशेब तो रात्री करत बसायचा. मग मी रात्रीच्या बसने पुण्याला गेलो, आईने दिलेल्या बिबड्या घेऊन. नातेवाइकांत कुठे बोललो नाही. चहाच्या टपरीवर कागदावर लिहून दाखवलं: एवढे आहेत, पुढच्या मे महिन्यापर्यंत पुरतात, कर्ज नाही, नंतर दोघं मिळून ठरवू. त्यात नोकरी करत अभ्यास करणंही लिहिलं. लेखी मर्यादा बघून तो नाराज होईल असं वाटलं होतं. पण तो म्हणाला, ‘हे आधी का नाही सांगितलं?’

आता थोडं कडू, पण लिहायलाच पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 मध्ये देशात 13 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यात सगळ्यात पुढे महाराष्ट्र होता. मूल झोपत नाही, जेवण तुटलंय, फोन टाळतंय, ‘मी तुमच्यावर ओझं झालोय’ असं बोलतंय, तर सरळ विचारा, ‘जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर आधी रूममेटला त्याच्याजवळ बसवा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच रात्री निघा. रूममेटचा नंबर आजच घेऊन ठेवा, माझ्याकडे तोही नव्हता. टेली मानस ही सरकारची हेल्पलाइन 10 ऑक्टोबर 2022 पासून आहे, नंबर 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. पालकांनीही लावावा.

सुप्रीम कोर्टाने 25 जुलै 2025 ला सांगितलंय की 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत समुपदेशक पाहिजे, कोचिंग क्लासेसही यात आले. आपल्या मुलाच्या क्लासमध्ये कोण आहे, हे फी भरताना विचारा. अभ्यासिकावाला म्हणेल, मी फक्त टेबल-खुर्ची भाड्याने देतो. पण पोरगं दिवसाचे बारा तास त्याच खुर्चीवर असतं, मग तिथे भिंतीवर एक नंबर लावायला काय हरकत आहे?

आमचा फोन आता रोज नसतो. बुधवारी आणि रविवारी. परवा रविवारी तो म्हणाला, ‘आज काहीच वाचलं नाही, पप्पा. नुसता पडून होतो.’ जिभेवर आलं होतं, पण गिळलं. ‘बरं’ म्हणालो. मग कान नदीला पाणी आलंय का ते त्याने विचारलं, मी पुलावर जाऊन फोटो पाठवला.