क्रमांकपट्टीची नोंद आणि नागरिकाचा हक्क

रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनाची क्रमांकपट्टी क्षणार्धात वाचणारे यंत्र १९७६ साली ब्रिटिश पोलिसांच्या संशोधन शाखेत विकसित झाले. चोरीच्या मोटारी हुडकण्यास कोणाचाही आक्षेप असणार नाही. प्रश्न आहे तो चोरीच्या नसलेल्या मोटारींचा. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांना २०२० साली लॉस एंजेलिस पोलिसांपाशी ३२ कोटी छायाचित्रे साठलेली आढळली. त्यांतील ९९.९ टक्के वाहने टिपली गेली त्या वेळी पोलिसांच्या कोणत्याही यादीत नव्हती. म्हणजे हजारांतील एकासाठी नऊशे नव्याण्णव निरपराधांच्या येण्याजाण्याची रोजनिशी! पूर्वी एका माणसावर पाळत ठेवायची तर पगारी शिपाई नेमावे लागत आणि त्या खर्चानेच शासनाला काहीसा आवर बसे. साठवण स्वस्त झाली आणि तो आवरही गेला.

ही यंत्रे कोणाच्या वस्तीत बसतात, हेही पाहिले पाहिजे. बर्मिंगहॅममधील स्पार्कब्रुक आणि वॉशवुड हीथ या मुसलमान बहुसंख्येच्या भागांत २०१० साली दोनशेहून अधिक कॅमेरे उभारण्यात आले. त्यांतील अनेक क्रमांकपट्ट्या वाचणारे होते, काही तर छुपे. रहिवाशांना सांगितले गेले की, हे नेहमीच्या गुन्हेगारीला आळा घालण्यासाठी आहे. पैसा मात्र दहशतवादविरोधी निधीतून आला होता. हे उघडकीस येताच रहिवासी संघटित झाले. पोलीसप्रमुखांना माफी मागावी लागली आणि २०११ साली कॅमेरे काढून घ्यावे लागले.

मोटार ही श्रीमंतांची चैन, तिची चिंता आपण का वाहावी, असे काही कार्यकर्ते म्हणतील. परंतु रिक्षा, टेम्पो, ट्रक चालवून पोट भरणारा माणूसच दिवसभर रस्त्यावर असतो आणि सर्वांत अधिक वेळा टिपला जातो तोच. मोर्चाला माणसे नेणारा टेम्पोही त्यातून सुटत नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर असे कॅमेरे आलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याच्या कलम १७ ने सुरक्षा, सुव्यवस्था आदी कारणांसाठी आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा केंद्राने राखून ठेवली. शासनाच्या हाती माहिती सुरक्षित राहते, हा भ्रमही नको. वाहननोंदणीची माहिती ८७ खासगी कंपन्या आणि ३२ शासकीय संस्थांना देऊन ६५ कोटी रुपये मिळाले, असे २०१९ साली राज्यसभेत सरकारनेच सांगितले. ते धोरण पुढच्या वर्षी रद्द झाले. गेलेली माहिती परत येत नसते.

न्यू हॅम्पशायर या छोट्या अमेरिकन राज्यात, क्रमांक पोलिसांच्या यादीशी जुळला नाही तर नोंद तीन मिनिटांत नष्ट करावी लागते. चोर पकडण्यास तेवढा अवधी पुरतो. महाराष्ट्राला मिनिटे नकोत तर दिवस ठरवावेत, पण ते विधिमंडळात कायद्याने ठरवावेत. जुनी नोंद पाहण्यास न्यायालयाचा हुकूम लागावा आणि ठेकेदार कंपनीला तिची प्रत ठेवण्यास मनाई असावी. पुढच्या निविदा निघण्यापूर्वी ही मागणी आपापल्या आमदारांपुढे लेखी मांडली गेली पाहिजे.